मातीवाकळ

तबस्सुमनं तपासपट्टी आधी वाकळीला लावली, मग महानंदाबाईंच्या तळहाताला लावली आणि पट्टी निळी व्हायची वाट बघत ती उभी राहिली. पट्टी पांढरी ती पांढरीच.

"हात साबणानं धुतलाय काय त्यांचा?" तिनं विचारलं.

"न्हाई बा. सकाळी ओल्या फडक्यानं पुसलाय तेवढा," भाग्यश्री म्हणाली.

तबस्सुमनं दुसरी पट्टी काढून मानेला लावली. तिसरी काखेत धरली. महानंदाबाई औषधाच्या गुंगीत होत्या, नाहीतर परक्या बाईनं काखेत हात घातलेला त्यांनी खपवून घेतला नसता. झटका येऊन त्यांचं डावं अंग गेलं होतं, पण जीभ शाबूत होती. "देवानं न्यायचं ते ठेवलं आणि ठेवायचं ते नेलं," असं त्यांची सून भाग्यश्रीच म्हणायची, आणि सासूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची.

दानू कॉटच्या पायथ्याशी उभी होती. दानेश्वरी हे तिचं पाळण्यातलं नाव. महानंदाबाईंची धाकटी लेक, निपाणीला दिलेली. तिथल्या बसडेपोत बॅटरीच्या गाड्या चार्जिंगला लावायचं काम ती करायची. डॉक्टरांनी "आता महिना, फार तर दोन" म्हटलं, तेव्हा भाग्यश्रीच्या नवऱ्यानं, थोरल्या विरूपाक्षनं, पहिला फोन बहिणीला केला आणि दुसरा मातीकेंद्राला. शेवटच्या घडीला धावाधाव नको, वाकळ आधीच तपासून ठेवावी, एवढाच त्याचा विचार. केंद्रानं तबस्सुमला पाठवलं होतं.

"वाकळ ह्यांचीच न्हवं?" तबस्सुमनं विचारलं.

"अव्वानं स्वतः शिवलीय," विरूपाक्ष म्हणाला. "वरच्या कापडात आमच्या आप्पांचं धोतर हाय बघा."

"शिवली कुणी ते वाकळीला कळत न्हाई दादा. पांघरली कुणी ते कळतं."

भाग्यश्रीला शांतता सोसत नसे. "वन्सं, तुम्हीच लावून बघा की हात," ती म्हणाली. "ह्या घरातल्या सगळ्या वस्तू तुम्हालाच ओळखतात."

टोमणाच होता. दानूनं हसून हात पुढं केला, आणि पट्टी नीळ टाकलेल्या पाण्यासारखी निळी झाली.

ही मातीवाकळ काय चीज होती ते इथं सांगितलं पाहिजे. तोंडलगी हे गाव हिरण्यकेशीच्या काठावरचं. गावातल्या लिंगायतांची दफनभूमी नदीला लागून. पूर दरसाल चढत गेले, आणि एका पावसाळ्यात नदीनं जे झाकून ठेवायचं तेच उघडं करून दाखवलं. त्यावर सरकारनं नियम केला, की पूररेषेच्या आत कुणालाही पुरायचं नाही. तालुक्याला विजेची दाहिनी आहे, तिथं न्यायचं. सगळं तोंडलगीच पूररेषेच्या आत, आणि वरचा माळ सौर कंपनीच्या काचांनी झाकलेला. ज्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवून माती द्यायची रीत, त्यांना जागाच उरली नाही. फार आरडाओरडा झाला, तेव्हा एक वाट मोकळी झाली. माणूस मातीवाकळीत गुंडाळलेला असेल तर पुरायला हरकत नाही.

दिसायला साधी वाकळ. वरखाली सुती कापड, बायकांनी जुन्या लुगड्यांचे तुकडे लावून धावदोऱ्यानं शिवायचं. मधला थर मात्र केंद्रातून मिळायचा. तो बुरशीच्या तंतूंचा, जाड भाकरीएवढा. ही बुरशी झोपलेली असे. माणूस जिवंत आहे तोवर ती नुसती ऊब द्यायची. माणूस गेला की ती जागी व्हायची आणि नदी चढायच्या आत त्याची काळी भुसभुशीत माती करून टाकायची. नदीला न्यायला मागं काही उरत नसे.

पण असली वस्तू घरोघर द्यायची म्हणजे जोखीम. उद्या कुणी कुणाचा गळा दाबला आणि वाकळीत गुंडाळलं, तर पोलिसांनी काय माती हुंगायची? म्हणून शास्त्रज्ञांनी वाकळीला दोन कुलपं घातली. पहिलं ओळखीचं. आपल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची वस्ती असते, आणि अंगठ्याच्या ठशासारखी ती प्रत्येकाची निराळी. नव्या वाकळीत जो पहिल्यांदा महिनाभर घाम गाळतो, त्याची वस्ती तंतूंत जाऊन बसते. त्यानंतर दुसऱ्या कुणाला तिथं थारा नाही. दुसरं कुलूप थंडीचं. ओळखीचं अंग तासन् तास गार आणि कोरडं राहिलं, की वाकळ समजते आपला माणूस गेला. दोन्ही कुलपं उघडली तरच बुरशी जागी होणार.

महानंदाबाईंनी वाकळ शिवून संपवली त्याच आठवड्यात दानू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पौषातली थंडी. बाजेखाली शेगडी, अंगाला तेल, ओव्याचा शेक. घरातलं सगळ्यात नवं, सगळ्यात उबदार पांघरूण त्यांनी लेकीच्या अंगावर टाकलं. विरूपाक्ष म्हणाला होता, "अव्वा, ती तुझ्या मातीची वाकळ हाय की गे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग? माती मला लागणार तवा लागणार. बाळंतिणीला काय जुनेर पांघरायला देऊ?" दानू त्या वाकळीत सव्वा महिना घामानं निथळत पडली होती. मग वाकळ झटकून, उन्हात वाळवून महानंदाबाईंनी स्वतः घेतली आणि सहा वर्षं पांघरली. इतकी वर्षं ती त्यांच्या अंगावर परकी होती, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आमच्या मोहल्ल्यातबी असलं झालंय," तबस्सुम बाहेर कट्ट्यावर चप्पल घालता घालता म्हणाली. "वाकळ आजोबांची, आणि ओळखते मांजराला."

कुणी हसलं नाही.

"दुसरी वाकळ द्या," विरूपाक्ष म्हणाला.

"देते की. पण शिकणार कशी? अंगाला घाम पाहिजे. ह्या वयात, असल्या आजारात घाम कुठला?"

"मग अव्वाला जाळायचं म्हणता?"

दाहिनीची महानंदाबाईंना किती भीती होती ते गावाला ठाऊक होतं. शेजारच्या गंगव्वाला तिकडं नेलं आणि चारच्या सुमाराला तिच्या लेकानं तिला बरणीतून परत आणलं, ते त्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून जेवताना, उठताना एकच. "मला आग नगो हं. बरणीत घालायला मी काय लोणचं हाय?" लोक हसायचे. त्या हसत नसत.

गेटापाशी गेलेली तबस्सुम परत आली. "एक सांगू? केंद्र असलं सांगत न्हाई, मी सांगते म्हणून सांगू नका. वाकळ बदलत न्हाई, पण माणूस बदलतो. एका अंथरुणात अंगाला अंग लावून निजणाऱ्यांची कातडी हळूहळू एकसारखी होते. तान्ह्या पोराला आईच्याच अंगावरचे जंतू मिळतात की. ताई जर आईजवळ निजल्या, ह्याच वाकळीत, तर आईच्या अंगाला ताईंचा वास लागेल. वाकळीला त्या ताईच वाटतील."

"लागेल म्हणजे नक्की?" दानूनं विचारलं.

"नक्की काय न्हाई. आणि धोका हाय. वाकळ अंगावर ठेवावी लागणार, आणि आजाऱ्याचं अंग गार पडतं. तेवढ्यावरनं ती चुकीनं जागी झाली, तर परत झोपत न्हाई. एका दिवसात तिला माणूस मिळाला न्हाई, तर ती स्वतःलाच खाऊन टाकते."

दानूनं डेपोत रजा टाकली, लेकीला नवऱ्याच्या गळ्यात बांधलं आणि आईच्या कॉटवर चढली.

"काय करूलालीस?" महानंदाबाईंनी डोळे उघडून विचारलं.

"निजूलालोय."

"एवढी घोडी झालीस आणि आईच्या कुशीत? नवऱ्यासंगं भांडून आलीस काय?"

"न्हाई गे. मला थंडी वाजते."

"मग दोन रगा घे की."

"रगेत तू असतीस काय?"

महानंदाबाईंनी चालता हात लेकीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, "केवढी हाडं गे तुझी. काटा टोचावा तशी टोचतीस."

खरं कुणी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? तुझी माती तूच लेकीला देऊन बसलीस, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दानू दिवसाही त्यांच्याजवळ पडून राही. आपलंच न धुतलेलं पोलकं त्यांना घाली, आपल्या तेलकट हातानं त्यांचे पाय चोळी. तोंडाजवळ तोंड नेऊन दोघी बोलत. कधी न सांगितलेलं महानंदाबाईंनी ह्या दिवसांत सांगितलं. लग्नाआधी त्यांना एसटीची कंडक्टर व्हायचं होतं, असलं काहीबाही. आणि गंमत अशी, की लेकीच्या उबेनं त्यांना बरं वाटू लागलं. वाटीभर आंबील उतरू लागली. तोंडावर तकाकी आली. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी. दिवा विझताना मोठा होतो."

भाग्यश्री दाराशी येऊन बघायची. एकदा तिच्याच्यानं राहवलं नाही. "वन्सं, तुमच्या बाळंतपणानं केलेलं तुम्हीच निस्तरा. चांगलं हाय." पण जाताना तिनं दानूचं ताट झाकून ठेवलं, आणि उशाशी गरम पाण्याच्या पिशव्याही ठेवल्या.

दर आठवड्याला तबस्सुम यायची. पट्टी पांढरी. मग एकदा काठाला निळसर झाक आली. दानू त्या झाकेकडं निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी बघत राहिली.

तेवढ्यात निपाणीहून नवऱ्याचा फोन आला. ऊर्वीला ताप चढला होता, ती आईशिवाय औषध तोंडात घेईना. त्या बाळंतपणातली लेक ती हीच. दानू शेवटच्या बसनं गेली. जाताना भाग्यश्रीला म्हणाली, "वैनी, माझ्या जागी तुम्ही निजा. गार पडू देऊ नका." आणि भाग्यश्री खरंच कॉटवर चढली. पण सासूनं तिला ओळखलं.

पहाटे ऊर्वीचा ताप उतरला. सकाळच्या बसनं दानू परतली तेव्हा भाग्यश्री दारातच उभी होती. डोळे सुजलेले.

"मी शिरले होते वाकळीत, देवाशप्पथ," ती म्हणाली. "मला म्हणाल्या, तू कशाला शिरूलालीस, सर तिकडं. पिशव्या लाथेनं खाली पाडल्या. मी परत ठेवल्या, परत पाडल्या. मग म्हटलं निजू देत, आणि माझाबी डोळा लागला खुर्चीवर."

दानू आत गेली. महानंदाबाईंचे पाय नदीतल्या गोट्यांसारखे गार होते. श्वास मात्र चालू होता, बारीक, तुटक. आणि पायाकडच्या बाजूला, आप्पांच्या धोतराच्या तुकड्यावर, पांढरी लव उगवली होती. साय धरावी तशी. वाकळीला हात लावला तर ती आतून ऊन लागत होती. खोलीत अळंब्यांचा वास भरला होता.

तबस्सुम धावत आली. तिनं पट्टी महानंदाबाईंच्या हाताला लावली. पट्टी निळी झाली. गडद, कुठं डाग नाही अशी निळी.

"शिकल्या की हो," तबस्सुम पुटपुटली. आनंदानं की दुःखानं, तिचं तिलाच कळलं नसावं. "वाकळीनं त्यांना आपलं म्हटलंय. पहिलं कुलूप उघडलं, म्हणूनच दुसरं उघडलं."

"आता?" विरूपाक्षनं विचारलं.

"आता आज दिवस मावळेपर्यंत. त्याच्या आत माती झाली तर ठीक. फार तर दिवेलागणीपर्यंत."

डॉक्टर येऊन गेले. नाडी दोऱ्यासारखी झालीय म्हणाले. आज जातील का, असं विरूपाक्षनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यानं स्वतःच मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, "मी काय सांगू?"

मग जे व्हायला नको ते एकामागून एक होत गेलं. कुणी वाईट मनानं केलं नाही. पाहुणे दुपारपर्यंत पोचले पाहिजेत म्हणून फोन गेले. संध्याकाळी वेळ मिळणार नाही म्हणून दफनभूमीत खड्डा घ्यायला माणसं गेली. जंगम स्वामी आले, त्यांनी विभूती लावली आणि म्हणाले, "श्वास हाय तोवर मी मातीचं बोलणार न्हाई, आणि तुम्हीबी माझ्यासमोर बोलू नका." मग तेही कट्ट्यावर जाऊन बसले. कट्टा माणसांनी भरला. लोक चहा पीत होते, पावसापाण्याचं बोलत होते आणि मधूनच दाराकडं बघत होते. वाकळ परसात काथ्याच्या बाजेवर पसरली होती. तिची लव आता मध्यापर्यंत आली होती.

आत महानंदाबाईंच्या अंगावर दोन साध्या चादरी होत्या. दानू सवयीनं त्यांच्याजवळ जाऊन पडली आणि त्यांचे पाय तिनं आपल्या पोटऱ्यांत घेतले.

भाग्यश्री दार लोटून आत आली. मग अगदी हळू म्हणाली, "वन्सं, उठता काय जरा?"

"का?"

"न्हाई... तुम्ही ऊब दिली, तर त्या..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. पदरानं तोंड पुसलं. "त्यांचीच इच्छा हाय न्हवं आग नको म्हणून. मी काय वैरी न्हाई त्यांची."

ती वैरी नव्हती. तेच तर वाईट होतं. दानूला तिचं म्हणणं शब्दन् शब्द पटलं. ती उठली. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मागं श्वास चालला होता. एक आला की दुसऱ्याला उशीर व्हायचा, आणि तो उशीर दानू मोजत राहायची. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत होती. आपण कशाची वाट बघतोय हे तिला कळत होतं. ज्या आईसाठी ती महिनाभर एका कुशीवर निजली, ती आई आता लवकर जावी म्हणून ती खिडकीत उभी होती.

"दानू," मागून आवाज आला. "गार लागतंय गे."

भाग्यश्रीनं दानूकडं बघितलं. दानूनं भाग्यश्रीकडं बघितलं. दोघींतली एकही जागची हलेना.

"दानू, कुठं गेलीस? गार लागतंय."

दानू गेली. कॉटवर चढली आणि आईला तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. भाग्यश्री बाहेर गेली आणि गरम पाण्याच्या पिशव्या भरून घेऊन आली.

"जा गे अव्वा," दानू आईच्या कानात म्हणत होती. "आज जा. तुझं चांगलं होईल. जा गे बाई." तोंडानं जा म्हणत होती आणि हातांनी धरून ठेवत होती. पायाला पाय घासत होती, पाठ चोळत होती. ऊब काय, तिला तोंडाचं ऐकू येत नाही.

उन्हं कलली. पाय कोमट झाले. मग श्वास लांब झाला. दारात जो तो डोकावून जात होता, आणि जाताना कुणाच्याच तोंडावर काय भाव असावा ते ठरत नव्हतं. दिवस मावळायला आला तेव्हा महानंदाबाईंनी डोळे उघडले आणि खणखणीत म्हणाल्या, "भूक लागलीया."

भाग्यश्री मऊ भात कालवायला चुलीकडं धावली. पळता पळता रडत होती की हसत होती कुणास ठाऊक.

परसात तबस्सुमनं वाकळ उचलून बघितली. कापड हातात फाटत होतं, मधला थर पिठासारखा गळत होता. "संपली," ती म्हणाली. कट्ट्यावरची माणसं उठली. खड्डा तयार होता, आणि तोंडलगीत घेतलेला खड्डा रिकामा बुजवत नाहीत. पोटात काही न घेता भूक ठेवून मिटला, तर तो घरातलंच दुसरं कुणी मागतो म्हणतात. शेवटी जंगम स्वामींनीच वाकळीकडं खूण केली. विरूपाक्षनं वाकळ चादरीत गोळा केली, आणि चार माणसं ती घेऊन नदीकडं गेली. तिथं तिचं गाठोडं माणूस बसतो तसं उभं करून ठेवलं, आणि वर माती लोटली.

आत दानू आईला भात भरवत होती.

"बाहेर कोण आलंय एवढं?" महानंदाबाईंनी विचारलं.

"तुला बघायला आलेत."

"मग त्यास्नी च्या दिलास काय? का नुसतं बसवून ठेवलंय?"

"दिला की."

"मीठ कमी हाय भातात. त्या भाग्यश्रीचा हात असाच." त्यांनी आणखी एक घास घेतला. मग दारातून अंगण दिसत होतं तिकडं त्यांची नजर गेली.

माणसं परत आली होती. मातीनं भरलेले हातपाय घेऊन ती उंबऱ्याबाहेरच थांबली होती आणि भाग्यश्री एकेकाच्या पायांवर तांब्यानं पाणी घालत होती. माती देऊन आलेल्यांवर घालतात तसं. विरूपाक्ष सगळ्यात मागं होता, डोकं उघडं, पाय चिखलानं काळे. आईकडं न बघता तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

महानंदाबाईंनी ते सगळं नीट बघितलं. तोंडातला घास गिळला.

"कोण गेलं गे?" त्यांनी विचारलं.

अंगणातलं पाणी घालायचं थांबलं. दानूनं चमचा भरला.

"दानू, कोण गेलं?"

"तोंड उघड, अव्वा," दानू म्हणाली.